कुलूपवाल्याची केबिन

आमच्या ह्यांना बंद वस्तू बघवत नाही. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण असो, गंजलेली कडी असो की शेजारणीची अडकलेली ट्रंक असो, ह्यांचे हात शिवशिवायला लागतात. अडतीस वर्षं बाजाराच्या इमारतीत जिन्याखालच्या एका खोपटात बसून ह्यांनी लोकांची कुलपं उघडली आणि चाव्या कापल्या. त्या खोपटात ताठ उभं राहता यायचं नाही, त्यामुळे हे बसल्या बसल्याच स्वतःला मोठे समजायला लागले. 'मला न उघडणारं कुलूप अजून तयार व्हायचंय' हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. कुलपांपलीकडे जगात काही घडतं याची ह्यांना फारशी कल्पना नाही, आणि कुणी करून दिली तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप केला आणि दुकान बंद झालं. चावी कापायचं यंत्र, कानशींचा डबा आणि हे, असा सगळा माल घरी आला. मी पडदे आणि अभ्रे शिवते. बाहेरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, त्यांतल्या एकीशी माझं मशीन आहे. दुसरी ह्यांनी बळकावली. पहिल्या महिन्यात घरातली सगळी कुलपं उघडून, धुऊन, तेल घालून परत बसवली. दुसऱ्या महिन्यात बिजागऱ्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात माझ्या मशीनकडे नजर वळली, तेव्हा मी कात्री हातात घेऊनच बोलले. मशीन वाचलं.

आता लेकीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. एकुलती एक, रेल्वेच्या नियंत्रण कक्षात नोकरीला. मोठ्या पडद्यासमोर बसून कोणती गाडी कोणत्या रुळाने जाईल ते ती ठरवते. तिने हे आम्हाला चार वेळा तरी समजावून सांगितलं असेल. ह्यांनी त्यातून एवढंच घेतलं की पोरगी रेल्वेत आहे, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती झेंडी दाखवते म्हणून सांगत बसले. एका गिऱ्हाइकाने तिलाच येऊन विचारलं, तेव्हा ती दोन दिवस घुश्शात होती.

गेल्या वर्षी तिच्या हातून चूक झाली. एका गाडीला भलताच मार्ग दिला गेला. गाडी चुकीच्या रुळावर जाऊन उभी राहिली, कुणाला खरचटलंही नाही, पण चौकशी लागली आणि निकाल येईपर्यंत तिला घरी बसवलं. ती आमच्याकडे आली, आपल्या खोलीत गेली आणि आतून कुलूप फिरवलं. दीड दिवस बाहेर आली नाही. हाक मारली की 'मी ठीक आहे' एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी बाहेरून ते कुलूप उघडलं. एक तार, एक पातळ पट्टी, अर्धं मिनिट. लेक पलंगाला टेकून जमिनीवर बसली होती, चेहरा सुजलेला, कपडे कालचेच. आणि हे दारात उभे, हातात तार, चेहऱ्यावर कुलूप उघडल्यावरचं ते नेहमीचं समाधान. 'एवढंसुद्धा राहू दिलं नाहीत' म्हणाली, आणि संध्याकाळी बॅग भरून निघून गेली.

चौकशीत तिला समज देऊन परत घेतलं. तिने कामाजवळच खोली घेतली. तेव्हापासून चौदा महिने बापाशी एक अक्षर नाही. मला मात्र दर रविवारी अकरा वाजता फोन करते. बोलणं संपताना 'बाकी?' असं विचारते. त्या 'बाकी'त हे येतात. मी 'बरं आहे' म्हणते. त्या वेळात हे स्वयंपाकघराच्या दाराशी तेलाची कुपी घेऊन उभे असतात आणि ज्या बिजागरीला मागच्या रविवारी तेल घातलं तिलाच परत घालतात.

तर अशा माणसाने एका सकाळी जाहीर केलं की मला सिग्नलचं काम शिकायचंय.

'कशाला?' मी विचारलं.

'ती बोलली तर तिच्याशी काय बोलू? कुलपांबद्दल?'

हे ऐकून खरं तर मला गलबलायला हवं होतं. मी म्हणाले, 'चौसष्टाव्या वर्षी तुम्ही आगगाड्या खेळणार आणि त्यावर ती भाळणार. छान.' ह्यांनी भाच्याने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर चावीच्या यंत्राशेजारी मांडला आणि कामाला लागले. मला मात्र बजावलं, 'तिला यातलं काही सांगायचं नाही. आधी मला जमू दे.'

कॉम्प्युटरवर सिग्नलची केबिन चालवायला मिळते, हे मला तेव्हा कळलं. अशी पंधरा-वीस प्रकारची सिम्युलेशनं आहेत. त्यातलं नवख्याने, एकट्याने कोणतं घ्यावं, एवढाच प्रश्न होता. ह्यांनी तो इंटरनेटवरच्या सिग्नलवेड्यांच्या एका मंडळात टाकला. एका बोटाने टाइप करत दुपार घालवली. 'मी नवीन आहे. एकटा आहे. वय चौसष्ट. सिग्नलचं काम शिकायचं आहे. कोणता खेळ घ्यावा?'

तासाभरात अकरा उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं की याला खेळ म्हणू नये. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. तिसऱ्याने लिहिलं की म्हटलं तर काय बिघडलं. मग तीन दिवस त्यांची त्यावरच जुंपली. आमचे हे ते सगळं मन लावून वाचत होते आणि वहीत टिपणं काढत होते. या मंडळातली माणसं एकमेकांना टोपणनावांनी ओळखतात. एक केबिनसम्राट म्हणून होता, तो सगळ्यांत जास्त लिहायचा. कुणी काही विचारलं की आधी स्वतः किती वर्षांपासून यात आहे ते सांगायचा, मग प्रश्न कसा विचारायला हवा होता ते सांगायचा, आणि उत्तर द्यायचं राहून जायचं. अखेर चौथ्या दिवशी सम्राटांचा हुकूम झाला की सुरुवात मोठ्या जंक्शनपासूनच करावी, छोट्याने वाईट सवयी लागतात.

चौदा फलाटांचं ते जंक्शन फुकट होतं, म्हणून ह्यांना आणखीच आवडलं. माहितीपुस्तक दोनशे बारा पानांचं. पहिली सहा पानं नुसती लघुरूपं, आणि त्यांचे पूर्ण शब्द कुठेच नाहीत, कारण लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते. ह्यांनी चष्मा पुसून एका सोमवारी सकाळी दहा वाजता गाड्या सोडायला सुरुवात केली. दहा वाजून अकरा मिनिटांनी जंक्शनच्या बाहेर चारी बाजूंनी एकोणीस गाड्या उभ्या होत्या आणि कॉम्प्युटरमधला फोन ठणाणा वाजत होता. ड्रायव्हर फोन करत होते, आम्हाला का थांबवलंय म्हणून. ह्यांनी खोलीतला खरा फोन उचलला आणि 'कोण बोलतंय?' म्हणाले. मी पडदा बाजूला ठेवून हसून घेतलं.

नंतर मीच ते पुस्तक चाळलं. पहिल्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे जंक्शन सहा जणांनी मिळून चालवायचं आहे, प्रत्येकाने एक भाग घ्यायचा, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत राहायचं. म्हणजे ज्याने 'मी एकटा आहे' असं स्पष्ट लिहिलं त्याला त्या मंडळींनी सहा जणांचं काम नेमून दिलं. मी असली माणसं शिवणाच्या क्लासात पाहिली आहेत. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी अस्तराचा कोट कापायला सांगतात. तिचं काही भलं व्हावं म्हणून नव्हे, ती अडकलेली बघायला मिळावी म्हणून.

मग दुसरं आणलं. ते देखणं होतं. रुळांवर ऊन, केबिनच्या काचेवर दव, कोपऱ्यात स्टोव्हवर किटली, तिच्यातून वाफ. हे दोन दिवस त्यासमोर बसून होते. मला बोलावून किटली दाखवली. गाडी आली की मार्ग आपोआप लागायचा, सिग्नल आपोआप पडायचा, ह्यांनी एक बटण दाबलं की ड्रायव्हर हात हलवायचा.

'यात तुम्ही काय केलंत?' मी विचारलं.

'बघितलं.'

'मग खिडकीतून बघा. तिथं फुकट आहे.'

तिसऱ्यात घंटा होत्या. जुन्या पद्धतीची केबिन, पुढच्या केबिनला घंटेने विचारायचं, गाडी सोडू का. ती केबिन तितकेच टोले परत देणार, मग गाडी सोडायची. पद्धत मला पसंत पडली, पण पुढच्या केबिनमध्ये दुसरं माणूस लागतं. दुसरं माणूस म्हणून ह्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. मी शिवत राहिले. तेव्हा ह्यांनी पडद्यावर दोन चौकटी उघडल्या आणि या चौकटीतून घंटा द्यायची, धावपळ करून त्या चौकटीतून तिचं उत्तर द्यायचं, असा प्रकार सुरू केला. दिवसभर घरात ठणठण.

'स्वतःच विचारायचं आणि स्वतःच हो म्हणायचं,' मी म्हणाले, 'यात तुम्हाला शिकण्यासारखं काही नाही. हे तुम्हाला येतं.'

तोवर मीसुद्धा त्या मंडळाचं वाचायला लागले होते, हे कबूल करते. शिवण बाजूला, चष्मा नाकावर, आणि सम्राटांना मनातल्या मनात शिव्या. त्या सगळ्या गदारोळात कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या, ज्यांच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. एक लहान स्टेशन आहे, तीन रूळ, दोन्ही बाजूंना एकेरी मार्ग, रुळांचे सांधे आणि सिग्नल हलवायचे बारा खटके. शेजारची स्टेशनं कॉम्प्युटर सांभाळतो. घड्याळ थांबवता येतं. आणि एखादा खटका ओढला जात नसेल तर का ओढला जात नाही ते खाली पट्टीत लिहून येतं.

मी ते दोनदा वाचलं. नव्याला पहिल्यांदा अभ्रा शिवायला देतात. चार सरळ शिवणी, चुकलं तर उसवता येतं, आणि कुठे चुकलं ते दिसतं. एकट्याने शिकणाऱ्याला तर हे दिसणंच सगळ्यांत महत्त्वाचं, कारण सांगायला शेजारी कुणी नसतं. एवढी साधी गोष्ट त्या अकरा विद्वानांतल्या एकालाच सुचली, आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

'हे घ्या,' मी म्हणाले.

'हे पोरांचं आहे. तीन रूळ?'

'या कामात तुम्ही पोरच आहात.'

अर्धा दिवस फुगून बसले. मग घेतलं.

आणि बघता बघता जमायला लागलं, हे मला नाइलाजाने सांगावं लागतंय. एक गाडी आली, तिला बाजूच्या रुळावर घेतली, समोरची सोडली, मग हिला सोडली. पहिल्या दिवशी घड्याळ थांबवून थांबवून चार गाड्या केल्या. घड्याळ थांबवायचं, वही उघडायची, सांधा कोणता, सिग्नल कोणता, बोट ठेवून बघायचं, मग खटका. तिसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या गाड्या झाल्या. जेवताना म्हणाले, 'कुलूपच आहे गं ते. सगळे खटके एकमेकांत अडकवलेत. हा ओढला की तो अडतो. आमच्या कुलपातल्या पट्ट्यांसारखंच.' त्या दिवशी जेवण संपेपर्यंत गप्प बसले नाहीत.

कुलूपच आहे म्हटल्यावर पुढे काय होणार ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सात नंबरचा खटका ओढला जाईना. खाली पट्टीत कारण आलं होतं, पुढच्या टप्प्यात गाडी आहे. ह्यांनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कुलूपवाला कुलपाला तू बंद का आहेस म्हणून विचारत नाही. ते कसं उघडेल एवढंच बघतो. अर्धा तास शोधल्यावर ह्यांना कोपऱ्यात एक लाल बटण सापडलं. त्याच्यावर सीलचं चित्र, शेजारी एक आकडा, शून्य. सील फोडून बटण दाबलं की अडलेला खटका सुटतो. खऱ्या केबिनमध्ये काही बिघडलं, अडकलं, तर आणीबाणीला ठेवलेली ती सोय. ह्यांनी दाबलं. सात नंबर सुटला. आकडा एक झाला. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिजोरी उघडली.

त्यानंतर अडलेला खटका दिसायचा अवकाश, की हे सील फोडायचे. आठवड्यात आकडा साठवर गेला. मी म्हणाले, 'पट्टी वाचा. ते काय लिहिलंय ते वाचा.' म्हणाले, 'वाचून काय करायचं, उघडतंय ना.'

शनिवारी दुपारी व्हायचं ते झालं. समोरून मालगाडी येत होती. खटका अडला होता, पट्टीत कारण होतं. ह्यांनी सील फोडलं आणि एकेरी रुळावर पॅसेंजर सोडली. पडद्यावर काही धूर-आवाज झाला नाही. दोन गाड्यांचे दोन नंबर एकमेकांजवळ सरकत आले, एकमेकांवर चढले आणि थांबले. खाली टकरीची वेळ उमटली आणि 'काम थांबवले आहे' असं आलं.

'पण खटका उघडला की नाही?' हे म्हणाले.

'त्या गाडीत माणसं असती तर?' मी म्हणाले. चिडूनच म्हणाले. 'सगळं घडल्यावरही उघडला की नाही एवढंच सुचतं तुम्हाला. तिच्या जागी तुम्ही असतात तर अर्ध्या दिवसात गाव बुडवलं असतंत.'

ह्यांनी त्या दोन नंबरांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, 'ती तेव्हा खोलीत बसून हेच बघत असेल गं. झालं नाही, पण झालं असतं ते.'

 मी मशीन चालवलं. शिवण वाकडी गेली, ती रात्रीच्या जेवणाआधी उसवून काढली.

रविवारी अकराला फोन आला. हे दाराशी, कुपी हातात. इकडचं तिकडचं बोलून झालं. नेहमीप्रमाणे 'बाकी?' आलं, आणि मी 'बरं आहे' म्हणण्याऐवजी सगळं सांगून टाकलं. ह्यांनी दारातून हाताने नको नको केलं, मी पाठ फिरवली. मंडळ, सम्राट, एकोणीस गाड्या, किटली, घंटा, सगळं सांगितलं, माझ्या पद्धतीने सांगितलं, म्हणजे ह्यांची जितकी करता येईल तितकी खिल्ली उडवून.

ती पलीकडे हसली. चौदा महिन्यांत ह्यांच्या विषयावर पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज निघाला.

'शेवटी कोणतं घेतलं?' तिने विचारलं.

'तीन रुळांचं. मी निवडलं.'

'बरोबर निवडलंस. आम्हालाही ट्रेनिंगमध्ये असलंच दिलं होतं.' मग म्हणाली, 'सीलचा आकडा किती आहे?'

'एकसष्ट.'

ती पुन्हा हसली. 'एकसष्ट? आई, आमच्याकडे वर्षाला दोन झाले तरी साहेब बोलावून घेतात. तो आकडा मागे फिरवता येत नाही. आणि बटण असं मनाला येईल तेव्हा दाबायचं नसतं. आधी वरच्याला विचारायचं. तो हो म्हणाला की मग सील फोडायचं, आणि लगेच रजिस्टरमध्ये लिहायचं. आकडा आधी किती, नंतर किती, वेळ, कारण, आणि शेवटच्या रकान्यात कोणाच्या सांगण्यावरून. तो रकाना रिकामा सोडलेला चालत नाही.'

'का? दाबणारा तर माहीत असतो.'

'दाबणारा हुकुमाचा ताबेदार असू शकतो ना. चौकशीत आधी त्या रकान्यातल्या माणसाला बोलावतात.'

हे ती अगदी सहज, कामाचं म्हणून सांगत होती. मी फोन धरून उभी होते आणि मला तिच्या खोलीचं दार दिसत होतं.

वर मी लिहिलं आहे की हे दारात उभे होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. ते खोटं आहे. समाधान मी घातलं. इतक्या वेळा मनाशी तसं सांगितलं की मला ते दिसायलाही लागलं होतं. त्या दुपारी खरं काय झालं ते असं की हे आदल्या दिवसापासून तिच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. हत्यारांचा डबा पायाशी होता, पण झाकण लावलेलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बंद वस्तू न बघवणारा माणूस दीड दिवस बंद दाराकडे बघत बसला होता. आणि मी येरझाऱ्या घालत होते. मीच म्हणाले, 'अडतीस वर्षं जगाची दारं उघडलीत आणि पोटच्या पोरीचं उघडवत नाही?'

हे म्हणाले होते, 'चुकून लागलेलं नाही ते. तिने आतून लावलंय. मालकाने सांगितल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही.' आणि ते खरं होतं. दुकानात कुणी दुसऱ्याच्या घराचं कुलूप उघडायला बोलावलं की हे आधी मालकाला घेऊन या म्हणायचे. या नियमापायी किती गिऱ्हाइकं गेली, आणि मी त्यावरून किती टोमणे मारले, त्याला गणती नाही.

'मालक मी आहे,' मी म्हणाले होते. 'घर माझं आहे. मी सांगते, उघडा. आत काही करून बसली असेल तर काय तोंड दाखवाल?' तेव्हा ह्यांनी डबा उघडला. दार उघडलं तेव्हा मी मागे होते, ह्यांच्या पाठीआड. तिला फक्त हे दिसले. आणि चौदा महिने ह्यांनी एकदाही, मी इतकं घालून पाडून बोलत असताना एकदाही, म्हटलं नाही की तूच सांगितलं होतंस.

'आई? आहेस ना?' लेक विचारत होती.

'तुझ्या खोलीचं दार,' मी म्हणाले, 'ते माझ्या सांगण्यावरून उघडलं. ते नको म्हणत होते. मी भरीस पाडलं.'

 दाराशी ह्यांच्या कुपीतून तेल फरशीवर ठिबकत होतं आणि ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

'चौदा महिने,' लेक म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. 'चौदा महिने मी बाबांशी बोलले नाही, आणि तुझ्याशी दर रविवारी बोलले. तू दर रविवारी बरं आहे म्हणालीस.'

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

'त्यांना फोन दे.'

मी फोन पुढे केला. ह्यांनी तेलकट हात लेंग्याला पुसले, परत पुसले, आणि फोन असा धरला की जणू फुटेल. काही वेळ नुसते ऐकत होते. मग म्हणाले, 'तसं नाही. तिचं ऐकू नकोस तू. घाबरली होती ती, आईच आहे. तार माझ्या हातात होती, उघडलं मीच.'

छत्तीस वर्षं या माणसाला मी हसत आले. खोपटात बसून आखूड झालेला, कुलपांपलीकडचं काही न कळणारा, असं मी म्हणायची, लोकांसमोर म्हणायची. त्या क्षणी मला माझीच इतकी किळस आली की मी फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, 'ते खोटं बोलतायत. त्यांनी नाही म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं.'

ह्यांनी मला हाताने गप्प बसायची खूण केली. चिडून नव्हे, मधे बोलणाऱ्या माणसाला करतात तशी. कारण पलीकडून तिने काहीतरी विचारलं होतं आणि हे ते नीट ऐकू बघत होते.

'सात नंबर,' हे म्हणाले. 'हो, अडला होता. पट्टीत लिहिलं होतं गं, मीच वाचलं नाही.' मग खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले, वही उघडली, चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर होता. 'थांब, लिहून घेतो. आधी पट्टी. मग?'

मी मशीनपाशी जाऊन बसले. सुईत दोरा ओवता येईना, कारण मी रडत होते. तिकडे दोघांचं बोलणं चाळीस मिनिटं चाललं. माझं नाव पुन्हा निघालं नाही. शेवटी ह्यांनी फोन ठेवला, वहीतलं लिहिलेलं एकदा बोट ठेवून वाचलं आणि दिवसाची पहिली गाडी घेतली. मला परत फोन द्यायला तिने सांगितलं नव्हतं, आणि मीही मागितला नव्हता.